मधला वेळ

बारावीला जीवशास्त्र शिकवणाऱ्या कुठल्याही शिक्षकाला विचारा, एक वाक्य त्याने दरवर्षी ऐकलेलं असतं : “वाचताना सगळं कळतं हो, पण पेपर हातात आला की काहीच आठवत नाही.” मी ठाण्यात शिकवते आणि नौपाड्यात राहते. हे वाक्य मला वर्गात ऐकू येतं, पालकसभेत ऐकू येतं, गोखले रोडवर भाजी घेताना एखादी आई थांबवून सांगते, “रात्रीचा एक वाजतो तिला वाचता वाचता, पण डोक्यात राहतच नाही काही.” यावर जो तो एकच उपाय सुचवतो. आणखी वाच. आणखी एक क्लास लाव. रविवारची टेस्ट सिरीज तर आहेच.

मला या उपायाचा राग येतो, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटतं. शिकलेलं शरीरात कसं मुरतं याचा शोध माणसं शंभरहून अधिक वर्षं घेताहेत. त्यातलं बरंच काही आता नीट ठाऊक झालेलं आहे. आणि त्यातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते, की शिकण्याचा मोठा भाग आपण शिकत नसताना घडतो. दोन अभ्यासांच्या मधल्या वेळात. आमच्या मुलांकडे नेमका तोच वेळ उरलेला नाही.

माझ्या वर्गात कळव्याहून येणारी एक मुलगी आहे. सकाळी सातला कॉलेज, तिथून परस्पर क्लास, संध्याकाळी फिजिक्सची वेगळी बॅच, घरी पोचायला साडेनऊ. मग जेवण, आणि जेवणानंतर ‘सेल्फ स्टडी’. रिकामा वेळ मिळालाच तर तो कळव्याच्या पुलावर गाडी अडकल्यावर, आणि तेव्हाही कानात लेक्चर चालू असतं, दीडपट वेगाने. मध्यंतरी तिने मला क्रेब्स चक्राचं, म्हणजे पेशी अन्नातून ऊर्जा कशी मिळवते त्या साखळीचं, पान दाखवलं. अक्षर वळणदार. पिवळा, गुलाबी आणि पोपटी अशा हायलायटरनी पान इतकं रंगवलेलं की कोरा फक्त समास राहिला होता. सारखी उलटून उलटून पानाची खालची कड मऊ पडली होती. मी म्हटलं, “आता वही मिट, आणि कोऱ्या कागदावर काढ.” तिने आधी आठही चौकोन गोलाकार मांडले, बाण काढले, बाणांची टोकं नीट भरली. पहिल्या चौकोनात सायट्रेट लिहिलं, दुसऱ्यात आयसोसायट्रेट. तिसऱ्यापाशी पेन कागदाला टेकलं ते टेकलंच, शाईचा ठिपका पसरत गेला. “मॅडम, ते पानावर उजवीकडे खाली आहे. गुलाबी आहे.” जागा आठवत होती, रंग आठवत होता, नाव तेवढं येत नव्हतं.

या मुलीने कष्ट केले नाहीत असं कोण म्हणेल? ते कष्ट कुठे गेले हे समजून घ्यायचं, तर दोन चेतापेशी जिथे भेटतात तिथपर्यंत जावं लागतं.

आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत, आणि एकेक पेशी इतर हजारो पेशींशी जोडलेली असते. जोडलेली असली तरी सहसा चिकटलेली नसते. मध्ये साधारण २० नॅनोमीटरची फट असते. एका मिलीमीटरचे पन्नास हजार भाग केले तर त्यातला एक, एवढीच. अलीकडच्या पेशीतला विजेचा संदेश टोकापर्यंत येतो, तिथून रसायनाच्या रूपाने फटीत उतरतो, आणि पलीकडच्या पेशीवरचे ग्राही ते रसायन पकडतात. या भेटीच्या जागेला सिनॅप्स हे नाव १८९७ साली चार्ल्स शेरिंग्टन यांच्या लिखाणातून आलं. त्याच्याही आधी, १८९४ साली, सांतियागो रामोन इ काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे व्याख्यान देताना एक तर्क मांडला होता : मोठेपणी मेंदूतल्या पेशी वाढत नसतील, पण मनाच्या व्यायामाने पेशींमधले दुवे वाढत असले पाहिजेत. आमच्या ठाण्यातलं मराठी ग्रंथ संग्रहालय त्याच्या आदल्याच वर्षी सुरू झालं. ही दोन सालं शेजारी शेजारी ठेवायला मला आवडतं. इथे माणसं पुस्तकं गोळा करत होती, आणि तिकडे माद्रिदमध्ये सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पेशींची चित्रं काढणारा एक माणूस वाचलेलं कुठे राहत असेल याचा विचार करत होता.

हा तर्क तपासला जायला बराच काळ जावा लागला. कॅनडाच्या डोनाल्ड हेब यांनी १९४९ साली तो अधिक नेमका केला. एक पेशी दुसरीला चेतवण्यात पुन्हा पुन्हा भाग घेत असेल, तर त्या दोघींमधला दुवा बळकट होत असला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मग १९७३ साली टिम ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी ऑस्लोत केलेलं काम प्रसिद्ध झालं. नव्या आठवणी घडवण्यात ज्याचा मोठा वाटा असतो त्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात, एका सशाच्या मेंदूतल्या ठरावीक मार्गावर, त्यांनी विजेचे भराभर स्पंद दिले. नंतर त्याच मार्गाने साधा एकच स्पंद पाठवला तरी पलीकडून आधीपेक्षा मोठा प्रतिसाद येऊ लागला, आणि तो तासन्‌तास तसाच राहिला.

हे कसं होतं ते पुढच्या दहा-पंधरा वर्षांत उलगडलं. शिकवताना मी इथे नेहमी रेंगाळते, कारण हा भाग फार सुंदर आहे. पलीकडच्या पेशीवर ग्लुटामेट या रसायनासाठी दोन महत्त्वाचे ग्राही असतात. एएमपीए हा ग्लुटामेट आलं की लगेच उघडतो. एनएमडीए उघडत नाही, त्याच्या वाटेत मॅग्नेशियमचा आयन अडकून बसलेला असतो. बँकेतला लॉकर उघडायला एक किल्ली आपली लागते आणि एक बँकेची, आणि दोन्ही असल्याशिवाय काम होत नाही. इथे तसंच आहे. अलीकडून ग्लुटामेट यायला हवं, ही एक किल्ली. त्याच वेळी पलीकडची पेशी स्वतः पुरेशी चेतलेली हवी, म्हणजे मॅग्नेशियम बाहेर ढकलला जातो, ही दुसरी. दोन्ही जुळलं तरच कॅल्शियम आत शिरतो. तो शिरला की काही विकरं, म्हणजे एन्झाइम, कामाला लागतात, आणि पेशीने आत राखून ठेवलेले आणखी एएमपीए ग्राही आणून पृष्ठभागावर बसवले जातात. आता ग्लुटामेट तेवढंच आलं तरी परिणाम जास्त होतो. १९८६ साली रिचर्ड मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांमधले एनएमडीए ग्राही औषधाने बंद केले आणि त्यांना गढूळ पाण्याच्या टाकीत सोडलं. पाण्याखाली लपवलेला चौथरा कुठे आहे हे त्या उंदरांना नीट शिकता आलं नाही. पोहता येत होतं, जागा लक्षात राहत नव्हती.

दुसरी किल्ली म्हणजे विद्यार्थ्याचं लक्ष, असं सोपं करून सांगायचा मोह इथे होतो. तो मी टाळते. एका ग्राहीपासून वर्गात बसलेल्या मुलीच्या लक्षापर्यंत पोचायला मध्ये पेशींचे कितीतरी थर ओलांडावे लागतात.

इथवरचा बदल काही मिनिटांत होतो, आणि पुढे काही झालं नाही तर काही तासांत ओसरतो. रात्री वाचलेलं सकाळी अकराच्या पेपरात उतरतं आणि पुढच्या महिन्यात त्याचा मागमूस राहत नाही, हा अनुभव कुणाला नाही? टिकाऊ आठवणीसाठी आणखी काही घडावं लागतं, आणि ते एरिक कँडेल यांनी समुद्रातल्या एका गोगलगाईवर दाखवलं. अ‍ॅप्लिसिया तिचं नाव. तिच्याकडे चेतापेशी जेमतेम २०,०००, पण त्यातल्या काही नुसत्या डोळ्यांना दिसतील एवढ्या मोठ्या. तिच्या शेपटीला एकदा झटका दिला तर काही मिनिटं ती साध्या स्पर्शानेही दचकून कल्ले आत ओढून घेते. त्या वेळी सिनॅप्समधून रसायन थोडं जास्त सुटत असतं, एवढंच. तेच थांबून थांबून अनेकदा झालं तर मात्र ती दिवसेंदिवस ते विसरत नाही. अशा वेळी संदेश सिनॅप्सपासून पेशीच्या केंद्रकापर्यंत जातो, तिथली काही जनुकं कामाला लागतात, नवी प्रथिनं बनतात, आणि पेशीला नवे जोड फुटतात. क्रेग बेली आणि मेरी चेन यांनी ते मोजले तेव्हा शिकलेल्या गोगलगाईत त्यांची संख्या जवळपास दुप्पट निघाली. कँडेल यांना २००० साली नोबेल मिळालं ते याच कामासाठी.

म्हणजे पक्की आठवण हा शरीरात झालेला बदल आहे. तिथे प्रथिनं बनलेली असतात, जोड फुटलेले असतात. आणि प्रथिनं बनायला वेळ लागतो. कितीही ठरवलं, कितीही कॉफी घेतली, तरी तो लागतोच.

हा वेळ मध्ये सोडला नाही तर काय होतं, याचे प्रयोग मी मुलांना फळ्यावर काढून दाखवते. १९७२ साली कँडेल यांच्याच गटाने त्या गोगलगाईला निरुपद्रवी स्पर्शाची सवय लावली. काहींना एका दमात ४० स्पर्श दिले. काहींना रोज १० असे चार दिवस दिले. स्पर्शांची बेरीज सारखीच. पण चार दिवसांत विभागलेली सवय फार चांगली टिकली, अगदी तीन आठवड्यांपर्यंत. १९९४ साली अमेरिकेत टिम टली आणि सहकाऱ्यांनी फळमाश्यांना एक वास आणि विजेचा झटका यांची सांगड शिकवली. दोन्ही गटांना धडे १० वेळा. एका गटाला पाठोपाठ, दुसऱ्याला दर दोन धड्यांमध्ये १५ मिनिटांची विश्रांती. नवी प्रथिनं वापरणारी, आठवडाभर टिकणारी आठवण तयार झाली ती फक्त विश्रांतीवाल्या माश्यांमध्ये.

आणि तिसरा प्रयोग तर मला सगळ्यात बोलका वाटतो. कॅलिफोर्नियात अर्व्हाइनच्या विद्यापीठातल्या गटाने तो २०१२ साली उंदरांच्या हिप्पोकॅम्पसच्या कापांवर केला. स्पंदांची पहिली खेप दिली की काही सिनॅप्स बदलतात आणि काही उंबरठ्यापाशी येऊन थांबतात. दहा मिनिटांनी किंवा अर्ध्या तासाने दुसरी खेप दिली तर काहीच भर पडत नाही. तासाभराने दिली तर मागे राहिलेले सिनॅप्सही बदलतात, आणि एकूण परिणाम जवळपास दुप्पट होतो. त्या मधल्या तासात बाहेरून बघणाऱ्याला काही दिसत नाही. मूल असतं तर आपण म्हटलं असतं, “बसलीयेस काय नुसती? घे पुस्तक.”

माझे वडील, अप्पा, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात स्टोअर्सला होते. आता ८४ वर्षांचे आहेत. सकाळी पोहे खाल्ले की उपमा, हे त्यांना अकरा वाजता सांगता येत नाही. पण “अप्पा, तेरा औट किती?” म्हटलं की बोट टेबलावर आपटून उत्तर येतं, “साडेपंचेचाळीस.” पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी, सगळं शाबूत आहे. साडेतीनच्या पाढ्याला औटकी म्हणत, हे माझ्या वर्गातल्या एकाही मुलाला ठाऊक नव्हतं. अप्पांच्या कोकणातल्या घरी दिवेलागणीला सगळी भावंडं ओळीने बसून परवचा म्हणत. थोडाच वेळ, पण रोज. मग जेवण, मग झोप. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा तेच, आणि असं वर्षानुवर्षं.

पाठांतराला नावं ठेवायची आता पद्धतच पडली आहे. घोकंपट्टी म्हटलं की शिवी दिल्यासारखं वाटतं. न समजता केलेलं पाठांतर मलाही नको आहे. पण परवच्याकडे नीट बघा. समोर पुस्तक नाही, म्हणजे रोज आठवून म्हणायचं. एका म्हणण्यापासून दुसऱ्यापर्यंत अख्खा दिवस मोकळा. आणि म्हणून झालं की लवकरच झोप. ज्यांनी हा रिवाज घातला त्यांना ग्राही आणि प्रथिनं ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, पण पिढ्यान्‌पिढ्या मुलं शिकताना पाहून त्यांनी वेळ बरोबर राखला होता. आजच्या क्लासमधल्या रात्री दहापर्यंतच्या ‘क्रॅश कोर्स’पेक्षा अप्पांचं ते ओसरीवरचं म्हणणं मला शास्त्राच्या जास्त जवळचं वाटतं.

नाश्ता विसरतो आणि औटकी राहते, याचंही कारण आहे. नवी आठवण घडताना हिप्पोकॅम्पस लागतो, आणि काळ जातो तसा तिचा भार मेंदूच्या बाहेरच्या आवरणातल्या दुव्यांवर जात राहतो. हे जगाला कळलं ते हेन्री मोलेसन या अमेरिकन माणसामुळे. अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून १९५३ साली, वयाच्या २७ व्या वर्षी, शस्त्रक्रिया करून त्यांच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला गेला. त्यानंतर त्यांना नवी माणसं, नवे प्रसंग लक्षात ठेवता आले नाहीत. बालपण मात्र आठवत होतं. ब्रेन्डा मिल्नर यांनी त्यांना आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. रोज त्यांना वाटे, हे आपण पहिल्यांदाच करतोय. आणि रोज त्यांचा हात आदल्या दिवसापेक्षा सफाईने चाले. २००८ साली ते वारले तोवर शास्त्रज्ञांनी त्यांच्याकडून जे शिकून घेतलं त्याचं ऋण फार मोठं आहे. मी वर्गात हे नाव घेते तेव्हा आदराने घेते, आणि मुलांनाही तसंच घ्यायला सांगते.

जुन्या शाळेचे गोडवे मी गाणार नाही. अप्पांना औटकी आठवते तशीच मास्तरांची छडीही आठवते, आणि ती सांगताना आजही त्यांचा उजवा तळवा मिटतो. भीतीच्या आठवणी वेगळ्याच वाटेने पक्क्या होतात. त्यावर आपल्याकडे, बंगळुरूच्या राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्रात, सुमंत्र चटर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महत्त्वाचं काम केलं आहे. उंदरांना रोज दोन तास, असे दहा दिवस, हालचाल करता येऊ नये असं जखडून ठेवलं. २००२ साली त्यांनी दाखवलं की या ताणाने हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखूड होतात, आणि अमिग्डाला या भीतीशी निगडित भागात त्या उलट वाढतात. ताण संपल्यावर तीन आठवडे उंदरांना निवांत ठेवलं, तरी अमिग्डालातली वाढ ओसरली नाही. उंदरांवरून मुलांबद्दल लगेच निष्कर्ष काढू नये, हे मान्य. पण ‘भीती दाखवल्याशिवाय पोरं अभ्यास करत नाहीत’ असं जे सहज बोललं जातं, ते बोलणाऱ्याने हे काम एकदा जरूर वाचावं. भीतीने भीती शिकवली जाते. क्रेब्स चक्रासाठी जो भाग लागतो त्याला तिने काही मिळत नाही.

आता झोप. याबद्दल मी जितकं पोटतिडकीने बोलते तितकं दुसऱ्या कशाबद्दलही नाही.

न्यूयॉर्कमधल्या एका गटाने २०१४ साली उंदरांना फिरत्या दांड्यावर तोल सांभाळून चालायला शिकवलं आणि त्यांच्या मेंदूतल्या पेशींच्या फांद्यांचं जिवंतपणी निरीक्षण केलं. या फांद्यांवर इवले उंचवटे असतात, त्यांना स्पाइन म्हणतात, आणि बहुतेक उत्तेजक सिनॅप्स त्यांच्यावरच असतात. शिकून झोपलेल्या उंदरांमध्ये नवे स्पाइन उगवले, आणि तेही ठरावीक फांद्यांवर. शिकवून जागं ठेवलेल्यांमध्ये कमी उगवले. मग त्यांनी एका गटाला तासभर शिकवून झोपू दिलं आणि दुसऱ्याला तीन तास शिकवून जागं ठेवलं. तासभर शिकून झोपलेलेच पुढे राहिले. जागरण करून तिप्पट सराव केला तरी झोपेची भरपाई झाली नाही. पालकसभेत मी हे सांगते तेव्हा मागच्या रांगेतले बाबा मोबाइल खाली ठेवतात.

झोपेचं दुसरंही एक काम दिसतं. जुलिओ तोनोनी आणि कियारा चिरेली यांचं म्हणणं असं, की दिवसभर शिकून शिकून सिनॅप्स वाढत जातात, आणि हे अमर्याद चालू शकत नाही. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण ऊर्जा तो वीस टक्के खातो. २०१७ साली त्यांच्या गटाने उंदरांच्या मेंदूतले ६,९२० सिनॅप्स इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. झोपेनंतर त्यांचा आकार सरासरी १८ टक्क्यांनी घटलेला होता. मात्र सगळ्यात मोठ्या सुमारे २० टक्के सिनॅप्सना हात लागलेला नव्हता. म्हणजे रोज रात्री किरकोळ मागे सारलं जातं आणि ठसठशीत राहतं. विसरणं हा त्याच व्यवस्थेचा भाग आहे. सगळे दुवे सारखेच बळकट झाले तर कुठलाच दुवा उठून दिसणार नाही.

हे वाचल्यावर मला त्या मुलीचं रंगवलेलं पान पुन्हा आठवलं. तिने पान अनेकदा पाहिलं होतं. पाहून ओळखीचं झालं होतं, आणि ओळखीचं झालं म्हणजे येतं असं आपल्याला वाटतं. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. एका गटाने उतारा चार खेपा वाचला. दुसऱ्याने एकच खेप वाचून, पुढच्या तीन खेपांना कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना ४० टक्केच आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१. आणि आपल्याला जास्त लक्षात राहील ही खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती. माझ्या विषयातले किती आकडे मला पाठ आहेत सांगता येणार नाही, पण हे चार मी झोपेतही सांगेन.

म्हणून आता सोमवारी माझ्या तासाची पहिली दहा मिनिटं कोऱ्या कागदाची. दोन-तीन आठवड्यांपूर्वी शिकवलेलं काहीतरी, पुस्तक मिटून. गुण नाहीत, कागद गोळा करत नाही, कुणाचा कुणाला दाखवत नाही. सुरुवातीला मुलं अस्वस्थ झाली, कारण आठवत नाही हे उघड दिसतं. आठवायला त्रास होतो तिथेच काम चाललेलं असतं, हे त्यांना पटायला दिवाळी उजाडली.

गेल्या पालकसभेत एक रिक्षाचालक वडील शेवटपर्यंत थांबले. कोपरीला राहतात. मुलाला डॉक्टर करायचंय, तीन क्लास लावलेत, एकाची फी अजून हप्त्याने चालू आहे. म्हणाले, “मॅडम, मी रिक्षाचा बॅज घेतला तेव्हा मोबाइलवर नकाशा नव्हता. स्टेशनपासून वर्तकनगर, लोकमान्यनगर, सगळ्या गल्ल्या फिरून फिरून बसल्या डोक्यात. मग याच्या का बसत नाही?”

मी त्यांना लंडनच्या टॅक्सीवाल्यांबद्दल सांगितलं. तिथे परवाना मिळवायला सुमारे २५,००० रस्ते पाठ असावे लागतात, आणि त्याला सहसा तीन-चार वर्षं जातात. एलिनॉर मॅग्वायर यांनी २००० साली दाखवलं की या चालकांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. मोठा होता म्हणून ते टॅक्सीवाले झाले, की टॅक्सीवाले झाले म्हणून तो वाढला, असा प्रश्न होता. मग त्यांनी आणि कॅथरीन वूलेट यांनी शिकाऊ उमेदवारांचे एमआरआय सुरुवातीला काढले आणि काही वर्षांनी पुन्हा काढले. तो अभ्यास २०११ साली आला. सुरुवातीला सगळे सारखेच होते. जे पास झाले त्यांच्यात तो भाग वाढला होता. एमआरआयमध्ये एकेक सिनॅप्स दिसत नाही, त्यामुळे आत नेमकं काय वाढलं हे त्या चित्रावरून सांगता येत नाही, पण शिकण्याने मोठ्या माणसाचा मेंदू बदलतो हे त्यात दिसतं.

त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. विचारलं, “आणि नापास झाले त्यांचं?”

“त्यांच्यात वाढ दिसली नाही.”

“पण वेळ तीन-चार वर्षं देतात.”

“हो. रोज थोडं थोडं फिरतात, संध्याकाळी घरी जातात.”

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग खिशातून फोन काढून मुलाचं वेळापत्रक उघडलं आणि माझ्यासमोर धरलं. सोमवार ते शनिवार, सगळ्या रकान्यांत काही ना काही भरलेलं. मंगळवार-गुरुवारची साडेसातची बॅच सोडली तर मुलगा आठला जेवून दहाला झोपू शकतो, असा हिशेब त्यांनीच केला. त्या बॅचच्या फीचा पुढचा हप्ता भरायचा की नाही, आणि भरला नाही तर आधी भरलेल्यातलं काही परत मिळतं का, हे बघायला आम्ही पावतीच्या मागची बारीक अक्षरं वाचत बसलो.